झाडात अडकलेलं पुस्तक: शाळेच्या ग्रंथालयातले तीन डिसेंबर

सुरुवात एका मागणीचिठ्ठीने झाली. चौथीतल्या एका मुलीला कासवांवरचं पुस्तक हवं होतं. नोंदवहीप्रमाणे ते कोणाला दिलेलं नव्हतं, तरी कपाटात काही सापडेना. आम्ही दोघी शोधत असताना तिनेच बोट दाखवलं. पुस्तक नाताळच्या झाडात होतं, खालून दुसऱ्या थरात.

हे झाड मी मोठ्या हौसेने केलं होतं. हिरव्या वेष्टनाची पुस्तकं गोलाकार रचायची, वर वर जाताना घेर कमी करत न्यायचा, शेवटी टोकावर एक चांदणी लावून दिव्यांची माळ गुंडाळायची. दोन दुपारी खर्ची पडल्या. मुख्याध्यापिका येऊन कौतुक करून गेल्या, शिक्षकांनी फोटो काढले. आता खालच्या थरातलं पुस्तक काढायचं म्हणजे अख्खं झाड उतरवायचं. मी म्हणाले, "सुट्टीनंतर देते हं."

"म्हणजे ते आता वाचायचं पुस्तक नाहीये का, बाई?" तिने अगदी सरळ विचारलं. खोचकपणा नव्हता त्यात.

रंगनाथन यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं 1931 मध्ये पुस्तकरूपाने आली. त्यातलं पहिलंच सूत्र 'पुस्तके उपयोगासाठी आहेत' हे आहे. परीक्षेत मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. तिने दुसरं कुठलं तरी पुस्तक नेलं आणि सुट्टीनंतर कासवांचं पुस्तक मागायला ती आली नाही. नऊ वर्षांच्या मुलाची उत्सुकता तीन आठवडे थांबून राहत नाही.

हे प्रकरण त्या झाडापासून पुढच्या दोन वर्षांचं आहे. डिसेंबरचे शेवटचे दोन आठवडे आमच्याकडे एका ठरावीक अवस्थेत येतात. परीक्षा आटोपलेल्या, शिक्षक थकलेले, मुलं हवेत. अशा वेळी प्रत्येक वर्गाची ग्रंथालयाची तासिका 'काहीतरी मजेचं करा हो' या सूचनेसह माझ्याकडे येते. पहिली ते सातवी, वर्गाला आठवड्यातून एक तास. घरं नाना तऱ्हेची. काहींच्या घरी नाताळ, काहींच्या घरी दुसरंच काही, काहींच्या घरी काहीच नाही.

झाडाबद्दल त्याच वर्षी आणखी एक तक्रार आली होती. एका पालकांनी विचारलं, एकाच सणाचं झाड का? प्रश्न योग्य होता. माझं उत्तर मात्र चुकलं, आणि ते चुकलंय हे कळायला मला पुढचं अख्खं वर्ष लागलं.

मी ठरवलं, एक सण पुरत नसेल तर पाच करू. दुसऱ्या डिसेंबरात 'जगाची सफर' झाली. सोमवारी स्वीडनचा 13 डिसेंबरचा लुसिया, मंगळवारी ज्यूंचा हनुक्का, बुधवारी रमजान ईद (त्या वर्षी ती डिसेंबरच्या आसपासही नव्हती, तरी मी ती घुसडली), गुरुवारी क्वान्झा, शुक्रवारी नाताळ. दाराशी कागदी पासपोर्ट, रोज एक शिक्का. मुलांना शिक्के आवडले. पुस्तकांपेक्षा शिक्केच जास्त आवडले. आठवडाअखेर मी सहावीला विचारलं, क्वान्झा म्हणजे काय? उत्तर आलं, "हिरवा शिक्का." हा सण 1966 साली अमेरिकेत मौलाना करेंगा यांनी आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी लोकांसाठी सुरू केला, तो 26 डिसेंबर ते 1 जानेवारी असा सात दिवस चालतो आणि रोज एका तत्त्वासाठी एक मेणबत्ती लावतात, असं सगळं मी सांगितलं होतं. राहिला तो शिक्का.

यापेक्षा वाईट गोष्ट बुधवारी घडली. पाचवीच्या तासाला माझं लक्ष एका मुलीकडे गेलं आणि मी उत्साहाने म्हणाले, "तुमच्याकडे ईद कशी असते ते सांग ना सगळ्यांना." पस्तीस डोकी तिच्याकडे वळली. तिने बुटांकडे बघत सांगितलं, "आमच्याकडे काही नसतं." तिच्या घरी ईद दणक्यात होते, हे मला पुढे तिच्याच धाकट्या भावाकडून कळलं. त्या तासाला सगळ्या धर्माची प्रतिनिधी व्हायचं तिला नको होतं, एवढंच. शेजारच्या मुलीला मी 'तुमच्याकडे नाताळ कसा असतो' असं उभं करून विचारलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं. नाताळ मी सगळ्यांचा धरला होता आणि ईद एकटीची.

आता तिसरीतल्या मुलाबद्दल. सफरीच्या आठवड्यात तो मासिकांच्या मांडणीमागे जाऊन बसायचा. त्याच्या आईची चिठ्ठी माझ्या खणात होती: आमच्या घरी सण पाळत नाहीत, कृपया त्याला सणाच्या कामात घेऊ नये, आणि कृपया त्याला वेगळंही बसवू नये. मी ती चिठ्ठी तेव्हा वैतागून वाचली. दोन्ही एकदम कसं जमायचं? मी त्याला पुस्तकांच्या पाठीवर वर्गांक, म्हणजे पुस्तकाची फळीवरची जागा सांगणारे आकडे, चिकटवायचं काम दिलं आणि सुटका झाली असं मानलं. तो निमूटपणे चिकटवत राहिला. इतर मुलं मागच्या बाजूला शिक्के मारत होती. ती शिक्षाच होती, फक्त मी तिला काम म्हणत होते.

यात माझं एक अज्ञानही होतं. नाताळ न पाळणारं कुटुंब म्हणजे दुसऱ्या धर्माचं, असं मी धरून चालले होते. वाचलं तेव्हा कळलं की ख्रिस्ती परंपरेतच नाताळ न पाळणारे लोक आहेत. यहोवाचे साक्षीदार नाताळ पाळत नाहीत आणि वाढदिवसही नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन वसाहतीत तर 1659 ते 1681 या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. त्या मुलाचं घर यांपैकी कोणतं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

तिसऱ्या वर्षी शिक्षकांच्या खोलीत एक तोडगा निघाला. सण नकोतच, नुसता हिवाळा करू. बर्फाच्या चांदण्या, कापसाचा हिममानव, कुणाला काही बोलायला जागा नाही. मला पटला. शिवाय चांदण्यांत विज्ञानही होतं: बर्फाचा स्फटिक षट्कोनी असतो. योहानेस केप्लर यांनी 1611 मध्ये याच प्रश्नावर एक लहानसं पुस्तक लिहिलं आणि नववर्षाची भेट म्हणून आपल्या आश्रयदात्या मित्राला दिलं. व्हरमाँटमधल्या विल्सन बेंटली या शेतकऱ्याने 1885 मध्ये सूक्ष्मदर्शकातून एका हिमस्फटिकाचा फोटो काढला आणि पुढे आयुष्यभरात पाच हजारांवर काढले.

(ज्यांना कागदी चांदणी करायची आहे त्यांच्यासाठी: कागद अर्धा, पुन्हा अर्धा, पुन्हा अर्धा अशी घडी घातली की आठ टोकं येतात आणि असा हिमकण निसर्गात नसतो. चौकोन कर्णावर दुमडायचा, मग त्रिकोणाच्या पायाच्या मध्यबिंदूपासून तीन सारख्या घड्या, मग पुन्हा अर्धा. तीन सारख्या घड्यांपाशी लहान मुलं अडकतात, तिथे मदत लागते.)

पण पहिल्याच तासाला सहावीत नवीन आलेल्या मुलीने हात वर केला. ती न्यूझीलंडहून आली होती. "डिसेंबरमध्ये हिवाळा इथे. तिथे आत्ता उन्हाळा आहे." वर्ग हसला, ती हसली नाही. तिकडे हिवाळ्यात येणारा सण मातारिकी. कृत्तिका नक्षत्र पहाटे पुन्हा दिसू लागलं की माओरी लोकांचं नवं वर्ष सुरू होतं आणि 2022 पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते. पण ही सुट्टी जून-जुलैमध्ये येते. नुसता हिवाळा हा तोडगाही सगळ्यांचा नव्हता तर.

मात्र या वेळी तिला कोणी उभं केलं नव्हतं. ती आपण होऊन बोलली, कारण मांडलेली गोष्ट तिला चूक वाटली. हा फरक मला त्या तासाला जाणवला आणि प्रकरण वळलं ते इथे. 'तुमच्याकडे कसं असतं' या प्रश्नाने मूल गप्प होतं. 'हे असंच का' या प्रश्नाला घर लागत नाही, कोणीही उत्तर शोधू शकतं. आणि ग्रंथालय दुसरं असतं कशासाठी?

मी मुलांना एक कामगिरी दिली: आपल्या ग्रंथालयात सणांची पुस्तकं कुठे आहेत ते शोधा. सजावट, गोष्ट, काही नाही, नुसती शोधाशोध. पंधरा मिनिटांत सातवीची एक तुकडी भांडायला आली. नाताळ 394.26 वर, म्हणजे रूढी आणि सणवार या भागात. हनुक्का 296 मध्ये, ज्यू धर्माखाली. रमजान 297 मध्ये. "बाई, नाताळ धर्मात नाही आणि बाकीचे धर्मात, असं कसं?"

हे आकडे मेल्व्हिल ड्यूई यांच्या दशांश वर्गीकरणातले; ते पहिल्यांदा 1876 मध्ये छापलं गेलं. त्यात 200 ते 299 हे धर्माचे क्रमांक, आणि 220 पासून 280 च्या घरापर्यंतची जवळजवळ सगळी जागा ख्रिस्ती धर्माला; जगातल्या उरलेल्या सगळ्या धर्मांची दाटी 290 च्या दहा आकड्यांत. नाताळाला धार्मिक सण म्हणूनही त्यात वेगळी जागा आहे, पण मुलांची पुस्तकं सहसा रूढींच्या फळीवर जातात. मी इतकी वर्षं हेच आकडे पाठीवर चिकटवत आले होते आणि एका मुलाकडूनही चिकटवून घेतले होते. पंचवीस मुलांना वर्गीकरण कधी इतकं झोंबलेलं मी पाहिलं नव्हतं.

मग एका पोराने विचारलं, कोणता सण कधी येतो हे कोण ठरवतं? मी त्यांना 529 ची फळी दाखवली: कालगणना. सात-आठ पुस्तकं, त्यावर धूळ.

ग्रंथालयाच्या लांब भिंतीवर आम्ही नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंतची पट्टी काढली आणि पुढच्या-मागच्या दहा-दहा वर्षांच्या ओळी आखल्या. प्रत्येक सणाला एका रंगाचा दोरा. तारखा शोधायच्या, टाचणी लावायची, दोरा ओढायचा. 25 डिसेंबरचा दोरा सरळ खाली आला, कंटाळवाणा. हनुक्काचा दोरा नागमोडी निघाला. किस्लेव्ह महिन्याच्या 25 तारखेपासून आठ रात्री हा सण चालतो, पण ज्यू महिने चंद्रावर चालतात आणि वर्ष सूर्याशी जुळतं ठेवण्यासाठी 19 वर्षांत सात अधिक महिने घालतात. म्हणून पहिली मेणबत्ती 2013 मध्ये 27 नोव्हेंबरला लागली आणि 2024 मध्ये थेट 25 डिसेंबरला. रोज एक मेणबत्ती जास्त, शिवाय त्या पेटवणारी एक वेगळी. आठ रात्रींच्या मिळून किती? चौथीने वहीत मांडून 44 काढल्या. गणिताच्या सरांनी तो प्रश्न नंतर उसना नेला.

संक्रांतीचा दोरा 14 आणि 15 जानेवारीत डुलत होता. तो का डुलतो, हे सातवीला सांगताना माझीच तारांबळ उडाली. सूर्याचं खरं उत्तरायण 21-22 डिसेंबरलाच सुरू होतं. संक्रांत मोजतात ती ताऱ्यांच्या संदर्भाने, त्यामुळे ती साधारण सत्तर वर्षांत एक दिवस पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, पण ती तारीख 12 जानेवारी 1863. दोन्ही गोष्टी खऱ्या कशा, यावर बराच वाद रंगला.

रमजानचा दोरा सुरुवातीला पट्टीवर नव्हताच. हिजरी वर्ष 354-355 दिवसांचं असतं आणि त्यात अधिक महिना घालत नाहीत, म्हणून रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून पुन्हा तिथेच पोचतो. भिंतीवर तो तिरका दोरा उजव्या कडेने आत शिरला आणि एका ओळीवर दोन टाचण्या आल्या. 2030 मध्ये रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणि पुन्हा डिसेंबरअखेर. चंद्रदर्शनाने एखादा दिवस इकडे-तिकडे होईल, म्हणून मुलांनी टाचणीखाली 'सुमारे' असं लिहिलं. ही टाचणी लावली ती बुटांकडे बघणाऱ्या मुलीने, आता सहावीत गेलेल्या. "माझ्या आजीने सांगितलंय, आधीही असं एकदा झालं होतं." आम्ही तेहतीस वर्षं मागे मोजली: 1997. आजी बरोबर होती. घरची गोष्ट तिने सांगितली, पण तिला पुरावा हवा होता म्हणून. मी मागितली म्हणून नाही.

आणि तिसरीतला, आता चौथीतला, मुलगा. भिंतीवर कोणी काही साजरं करत नव्हतं, म्हणून मासिकांच्या मागे जायची गरजच उरली नाही. तरी मी आईंना बोलावून भिंत दाखवली. त्यांनी सगळ्या ओळी नीट वाचल्या आणि म्हणाल्या, "हे मोजायचं काम आहे. चालेल." दोन दिवसांनी तो आमचा तारखा तपासणारा झाला होता. मोठी मुलं दोरा लावण्याआधी त्याच्याकडे चिठ्ठी आणायची.

शेवटच्या दिवशी एक तास राखून ठेवला होता, वर्षातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या नावाने. इराणमध्ये या रात्रीला यल्दा म्हणतात; घरचे एकत्र जमून जागतात आणि हाफिजच्या कवितांचं पुस्तक कुठेही उघडून वाचतात. आइसलंडमध्ये नाताळच्या आधी नव्या पुस्तकांचा पूर येतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आयातीवर निर्बंध होते, पण कागदावर त्या मानाने कमी, म्हणून भेट द्यायला पुस्तकंच उरली आणि ती सवय टिकली. या दोन गोष्टींतून आमचा तास तयार झाला. पडदे ओढले, दिवे बंद, प्रत्येक गटाला एक विजेरी. पुस्तक कोणतंही. उघडायचं आणि जे पान येईल ते शेजाऱ्याला वाचून दाखवायचं. मेणबत्त्यांचा आग्रह दोन शिक्षिकांनी धरला होता, तो मी साफ नाकारला. कागदाने भरलेल्या खोलीत ज्योत नको. खाऊलाही नाही म्हटलं. मुलांची पथ्यं वेगवेगळी असतात आणि चिकट बोटांची पानं वर्षभर मुंग्या बोलावतात.

तास सुरळीत झाला असं म्हणणार नाही. पहिलीतल्या दोघांना अंधाराची भीती वाटली, एक दिवा लावून ठेवावा लागला. पाचवीच्या मुलांनी विजेरीने छतावर सावल्यांचे ससे केले आणि दहा मिनिटं वाचन झालंच नाही. चालायचंच. मधेच कोणीतरी शब्दकोश उघडला आणि 'क' ची यादी इतक्या गंभीर आवाजात वाचली की सगळी खोली शांत झाली.

तक्रारी संपल्या नाहीत. एका पालकांना वाटलं की शाळेने नाताळ काढून टाकला. मी त्यांना 25 डिसेंबरचा दोरा दाखवला, ते म्हणाले, "दोरा म्हणजे आनंद नव्हे." याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. झाडापुढे पहिलीतली मुलं ज्या डोळ्यांनी उभी राहायची, ते भिंतीपुढे होत नाही. पुढच्या वर्षी हिरव्या कागदी पाठींचं, आत रिकाम्या खोक्यांचं झाड दाराबाहेर करून बघणार आहे. त्या तारखा तपासणाऱ्या मुलाच्या आईंना आधी विचारून.

529 ची फळी जानेवारीत अर्धी रिकामी होती. कासवांच्या पुस्तकाची पाठ मी लाल पट्टीने बांधून घेतली आहे, म्हणजे ते पुन्हा कोणाच्या झाडात जाणार नाही.

भिंत फेब्रुवारीत उतरवली. एक चिठ्ठी मात्र पट्टीच्या बऱ्याच पलीकडे, दाराच्या चौकटीजवळ चिकटवलेली होती, ती तशीच ठेवली. रशिया आणि सर्बियातल्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळ 7 जानेवारीला येतो, कारण त्यांचं जुनं ज्युलियन कॅलेंडर 13 दिवस मागे आहे. 2100 मध्ये ते आणखी एका दिवसाने मागे पडेल. चौथीतल्या आमच्या तपासनिसाने हे स्वतः काढलं होतं आणि वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: '2101 मध्ये 8 तारीख. तपासले.'